सोसायटीच्या बागेतल्या शंखी गोगलगायी: मीठ टाकूनही दर पावसाळ्यात परत का येतात?

जूनचा पहिला मोठा पाऊस पडून चार-पाच दिवस झाले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला फोटो येतो. पार्किंगच्या भिंतीवर मुठीएवढी तपकिरी गोगलगाय, मागे चकाकणारा ओघळ, आणि खाली प्रश्न: "मागच्या वर्षी सगळ्या काढल्या होत्या ना?" आठवडाभरात झेंडूची रोपं बुडापासून गायब होतात, पपईच्या पानांची चाळण होते, तळमजल्यावरच्या आजींचा मायाळूचा वेल नुसत्या देठांवर उरतो. ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला, येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही. वाशी, बेलापूरच्या रो-हाउसमधल्या नातेवाइकांकडूनही मी हेच ऐकते.

बागेची जबाबदारी माझ्याकडे येऊन पाच पावसाळे झाले. पहिले तीन पावसाळे आम्ही गोगलगायी मारण्यात घालवले आणि चौथ्या वर्षी त्या तेवढ्याच होत्या. मग आम्ही पद्धत बदलली आणि आता फरक दिसतो आहे. कोणाचे निदान दोन पावसाळे तरी वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ओळख पटवा

ही आफ्रिकन शंखी गोगलगाय, शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत अकॅटिना फुलिका म्हणून सापडेल. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम हेन्री बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या आणि तिथून तिचा भारतातला प्रवास सुरू झाला. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत ती आहे. पाचशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती ती खाते, त्यामुळे "अमुक झाड लावा, ते ती खात नाही" या सल्ल्याला फारसा अर्थ नाही.

शंख लांबट, टोकाकडे निमुळता, तपकिरी, आणि त्यावर गडद उभे पट्टे. आपल्याकडच्या बऱ्याच स्थानिक गोगलगायींचा शंख चपटा, पातळ आणि लहान असतो. सह्याद्रीतल्या अरिओफँटा या गटात तर डावखुरे शंखही आहेत. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं, की अशा शंखाचं उघडं तोंड डाव्या बाजूला येतं. आफ्रिकन गोगलगायीचं तोंड उजवीकडे येतं. चपटी किंवा डावखुरी दिसली तर तिला हात लावू नका. ती इथलीच आहे, आणि बागेतली कुजलेली पानं खाऊन ती आपलं काही बिघडवत नाही. पहिल्या वर्षी आम्ही सरसकट सगळ्या उचलल्या, त्यात अशा किती गेल्या याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही काय काय करून पाहिलं

मीठ. सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय. अंगावर मीठ पडलं की गोगलगाय मरते, हे खरं. पण ठाण्याच्या पावसात टाकलेलं मीठ तासाभरात मातीत उतरतं. आमच्या पोडियमवर माती जेमतेम दीड फूट, खाली स्लॅब. मीठ जाणार कुठे? पहिल्या वर्षी गोगलगायी राहिल्या आणि जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्या. मीठ वापरायचंच तर बादलीत वापरा, वाफ्यात कधीच नको.

विषारी गोळ्या. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचं नाव घरोघरी पोचलं. शेतात, सल्ल्याप्रमाणे, माणसं-जनावरं दूर ठेवून वापरणं ही वेगळी गोष्ट. सोसायटीच्या बागेत मुलं खेळतात, कुत्री फिरतात, आणि कुत्र्या-मांजरांना हे विष जिवावर बेततं. ब्रिटनने ३१ मार्च २०२२ पासून त्याचा उघड्यावरचा वापर बंदच केला. शिवाय आपल्या हवामानात एक अडचण आहे. या औषधाने गोगलगायीच्या अंगातून भराभरा चिकट स्राव जातो आणि ती सुकून मरते. भरपूर पाणी मिळालं तर तीच गोगलगाय सावरू शकते. जुलैतल्या ठाण्यात तिला पाणी कमी पडेल का?

मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि तंबाखूच्या काढ्याचा फवारा केरळमध्ये वापरात आहे. मोरचूद गांडुळांना आणि माशांना घातक. आमच्या पावसाळी गटाराचं पाणी नाल्यातून शेवटी ठाण्याच्या खाडीला मिळतं, आणि ती खाडी २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. आम्ही तो विचार सोडून दिला.

अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी. कुंडीभोवती टरफलांचा चुरा पसरला की गोगलगाय ओलांडत नाही, असं सर्रास सांगतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या असे घरगुती अडथळे तपासून पाहिले. तिथल्या गोगलगायींनी केलेल्या नुकसानीत यांपैकी कशानेही फरक पडला नाही. आपल्या पाहुणीला तर शंख वाढवायला कॅल्शियम लागतं. ती चुन्याच्या भिंती खरवडून खाते. तिच्यापुढे टरफलं ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं.

चौथी गोष्ट लिहिताना जड जातं. काही जण गोगलगायी उचलून कंपाउंडच्या भिंतीपलीकडे फेकत होते, "जंगलात जातील" म्हणून. पलीकडे येऊर आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. कृपा करून असं करू नका. आपल्या बागेतला त्रास आहे, तिथे तो कायमचा शिरकाव होऊ शकतो.

सातव्या मजल्यावरची गोगलगाय

चौथ्या पावसाळ्यात सातव्या मजल्यावरच्या एका ताईंचा फोन आला. बाल्कनीतल्या कुंडीत नखाएवढ्या पाच-सहा गोगलगायी. या गोगलगायी भिंत चढतात, मी त्यांना दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पाहिलं आहे. पण एवढी लहान पिल्लं सात मजले चढून एकाच कुंडीत कशी पोचतील? मी वर जाऊन कुंडी पाहिली. माती काळीभोर, भुसभुशीत, ताजी. "हे खत कुठलं?" विचारलं, तर म्हणाल्या, "आपल्याच खड्ड्यातलं."

आमच्याकडे ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे. बागेचा पाला आणि भाजीची देठं त्यात जातात, दोन-तीन महिन्यांनी खत निघतं आणि ज्याला हवं तो पिशवी भरून नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माळीकाकांबरोबर मी खड्ड्याच्या कडेची फरशी उचलली. खालची माती दोन बोटं उकरली आणि तिथे भिजवलेल्या साबुदाण्याचा ढीग दिसला. पिवळसर पांढरे दाणे, एकमेकांना चिकटलेले, ओंजळभर तरी असतील. हातमोजा घातलेल्या बोटांत एक दाबला. साबुदाण्यासारखा तो चेपला नाही, टचकन फुटला. वर चुन्याचं पातळ कवच होतं. माळीकाका म्हणाले, "ताई, असले दाणे मी कितीदा बघितलेत. मला वाटायचं खताच्या गोळ्या आहेत."

तीन वर्षं आम्ही रात्री बागेतून गोगलगायी वेचत होतो आणि दिवसा पिशव्या भरभरून त्यांची अंडी मजल्यामजल्यावर वाटत होतो.

परत येण्याचं कारण तिच्या वर्षभराच्या दिनक्रमात आहे

ही गोगलगाय उभयलिंगी आहे, म्हणजे प्रत्येकीला अंडी घालता येतात. एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत, आणि वर्षातून अनेकदा. एकदा मीलन झालं की शुक्राणू ती बरेच महिने साठवून ठेवते, त्यामुळे बागेत एकटी उरली तरी पुढची पिढी येऊ शकते. अंडी ओलसर मातीत उथळ घातलेली असतात आणि साधारण एक ते तीन आठवड्यांत फुटतात. पिल्लं सुरुवातीचे काही दिवस जमिनीखालीच राहतात. म्हणून जुलैत "आता कमी झाल्या" असं वाटतं आणि ऑगस्टमध्ये भिंतीवर बोराएवढ्या दिसायला लागतात. साधारण सहा महिन्यांत त्या स्वतः अंडी घालण्याइतक्या मोठ्या होतात.

पाऊस संपला आणि माती कोरडी पडली की ती फरशीखाली, कुंडीच्या बुडाशी किंवा पाइपमागे शिरते, शंखाच्या तोंडावर पापुद्रा धरते आणि झोपते. असे ती महिनोन् महिने काढते. आपण डिसेंबरमध्ये म्हणतो, "गेल्या एकदाच्या." त्या तिथेच असतात.

पोडियमच्या बागांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. आमच्याकडे रोज संध्याकाळी सहाला फवारे चालू व्हायचे. ही निशाचर आहे. रात्रीच्या तोंडावर माती ओली करून आपण तिला बाराही महिने पावसाळाच देत होतो. झोपायची गरजच उरत नव्हती.

आता करायचं काय

मे महिन्यापासून सुरुवात करा. सगळे उपाय एका पारड्यात आणि मेमधली दोन दिवसांची शोधाशोध दुसऱ्यात टाकली, तर मी दुसरं निवडेन. त्या वेळी त्या हलत नाहीत, अंडी घातलेली नसतात, आणि एकेक मोठी गोगलगाय उचलली की पुढची काहीशे अंडी टळतात. सिमेंटच्या कुंड्या हलवा, मोकळ्या फरशा उलटा, पावसाळी गटारावरच्या जाळ्या उचला, वेलींच्या मागची भिंत बघा, पडून राहिलेले पाइप, विटा, प्लायचे तुकडे हटवा. अडगळ गेली की निम्म्या जागा आपोआप कमी होतात. तोंड पापुद्र्याने बंद असलेला शंख रिकामा समजून टाकून देऊ नका. हातात घेतला की वजनावरून कळतं.

पहिल्या पावसानंतरचे तीन आठवडे रात्रीची फेरी. झोपेतून उठलेल्या मोठ्या गोगलगायी आधी खातात, मग मीलन, मग अंडी. त्या मधल्या दिवसांतच त्यांना गाठायचं. आम्ही बुधवार-शनिवार रात्री साडेनऊला, पाऊस थांबला की टॉर्च, चिमटा आणि झाकणाची बादली घेऊन निघतो. ज्यांना रात्री जमत नाही ते पहाटे साडेपाचला येतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरून ठेवायचं, खाली कोबीची किंवा पपईची पानं. सकाळी गोणपाट उलटलं की त्या तिथेच गोळा झालेल्या सापडतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सोयाबीनच्या शेतकऱ्यांनाही गोणपाटाचीच युक्ती सांगितली होती आणि बागेत ती शेतापेक्षा सोपी पडते. मात्र सकाळी उचलायला विसरलात तर तुम्ही त्यांना फक्त निवारा आणि नाश्ता दिलात.

ऑगस्टमध्ये थांबू नका. सगळ्यांचा उत्साह नेमका तेव्हा संपलेला असतो, गणपतीची तयारी सुरू झालेली असते, आणि पिल्लं तेव्हाच वर येतात. फेरी आठवड्यातून एकदा केली तरी चालेल, पण ऑक्टोबर संपेपर्यंत चालू ठेवा.

फवारे सकाळी. एवढ्या एका बदलाने हिवाळ्यात बाग रात्री कोरडी राहायला लागली आणि भिंतीवरचे ओघळ जवळजवळ दिसेनासे झाले. खर्च शून्य.

खत आणि माती. खड्ड्यातलं खत आता आम्ही चाळतो, साबुदाण्यासारखे दाणे काढतो, मग गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकवर पातळ थर पसरून उन्हात कडकडीत वाळवतो. वाटप फक्त उन्हाळ्यात. नर्सरीतून येणाऱ्या कुंड्या, लाल माती, शेणखत यांचं स्वागत अजिबात घाईने करायचं नाही. कुंडी उपडी करून मुळांचा गड्डा बघायचा, बुडाची भोकं तपासायची आणि नवी झाडं तीन आठवडे बागेपासून वेगळी, कोरड्या फरशीवर ठेवायची. तीन आठवडे अशासाठी की अंडी असलीच तर तेवढ्या काळात फुटतात. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी नव्याने आणलेल्या लाल मातीच्या गोण्यांतही दाणे निघाले होते.

गोळा केलेल्यांचं काय? बादलीत कडक मिठाचं पाणी, झाकण घट्ट, रात्रभर तसंच. ते पाणी शौचालयात ओतायचं, मातीत नाही. गोगलगायी कंपाउंडच्या कडेला दोन फूट खड्ड्यात, वर चुन्याचा थर आणि माती. पायाखाली चिरडू नका, माशा येतात आणि घाण पसरते. जिवंत पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीतही देऊ नका, ती गाडी जिथे रिकामी होईल तिथे पुढची वसाहत सुरू होते. रिकामे शंख फोडून टाका, त्यांत पावसाचं पाणी साचलं तर डेंग्यूचे डास त्यातही वाढतात.

"बदकं आणू का?" आणि अशाच इतर सूचना

दरवर्षी कोणीतरी विचारतं, हिला खाणारा एखादा प्राणीच आणून सोडला तर? हा प्रयोग जगात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. हवाईत १९५५ मध्ये आणि फ्रेंच पॉलिनेशियात ताहितीला १९७४ मध्ये युग्लँडिना रोझिया नावाची शिकारी गोगलगाय मुद्दाम आणली. आफ्रिकन गोगलगाय तिच्याने आटोक्यात आली नाही. तिने फ्रेंच पॉलिनेशियातल्या झाडांवर राहणाऱ्या छोट्या पार्टुला गोगलगायी खाल्ल्या, आणि त्यांच्या कित्येक जाती जगातून कायमच्या नाहीशा झाल्या. काहींचे थोडे जीव प्राणिसंग्रहालयांत जगवले म्हणून उरले. एका परक्या जीवावर दुसरा परका जीव सोडताना शास्त्रज्ञ आता इतके सावध का असतात, ते या एका गोष्टीतून कळतं.

आपल्याकडे तिला खाणारे आहेतच. भारद्वाज तिचे शंख फोडून खातो. काजव्यांच्या अळ्याही गोगलगायी खातात. आपण विष टाकलं नाही, कोपऱ्यातलं एखादं झुडूप दाट राहू दिलं, तर ते आपलं काम करतात. आमच्या मागच्या भिंतीजवळ भारद्वाजाची जोडी येते आणि तिथे फुटक्या शंखांचा खच असतो. ती जागा मी माळीकाकांना साफ करू देत नाही.

आणि "कधी संपणार?" याचं उत्तर फ्लोरिडाकडे आहे. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला आणल्या, आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांहून जास्त निघाल्या. दहा लाखांहून जास्त डॉलर आणि जवळपास दहा वर्षं गेली, तेव्हा १९७५ मध्ये त्या संपल्याचं जाहीर झालं. २०११ मध्ये मायामीत पुन्हा सापडल्या. या वेळी वास काढणारी प्रशिक्षित कुत्री वापरली, एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक गोळा केल्या, आणि २०२१ मध्ये पुन्हा निर्मूलन जाहीर केलं. पुढच्याच वर्षी राज्याच्या दुसऱ्या भागात, पास्को काउंटीत, परत निघाल्या. एवढी यंत्रणा असलेल्या ठिकाणी दहा वर्षं लागतात. आपल्या सोसायटीने दोन शनिवारांत संपवायची अपेक्षा ठेवली, तर निराश होऊन काम सोडलं जातं, आणि मग सगळं पहिल्यापासून.

हात लावताना

उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत, अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस, या गोगलगायींतून माणसापर्यंत पोचू शकतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. उंदरांच्या विष्ठेतून तो गोगलगायीत येतो. माणसाला तो होतो तो कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय, किंवा नीट न धुतलेली पालेभाजी पोटात गेल्याने. म्हणून हातमोजे, नंतर साबणाने हात, आणि बागेतला पुदिना, कोथिंबीर, पानओवा वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुऊनच. लहान मुलांना गोगलगाय तळहातावर घ्यायला आवडतं, त्यांना चिमटा द्या आणि मोजायचं काम द्या. पकडून बरणीत पाळायला देऊ नका. सोसायटीत उंदीर वाढले असतील तर तो बंदोबस्तही याच कामाचा भाग समजा.

एवढं करूनही आल्या तर

बहुतेक वेळा शेजारचा मोकळा प्लॉट किंवा दुसऱ्या सोसायटीची बाग हे कारण निघतं. सलग तीन फेऱ्यांमध्ये कुठल्या भिंतीजवळ सर्वांत जास्त सापडतात, ते वहीत लिहा. आमच्या वहीत पश्चिमेची भिंत सतत पुढे होती. पलीकडे बांधकाम थांबलेला प्लॉट, कमरेएवढं गवत. तिथल्या वॉचमनदादांशी बोललो, भिंतीलगत दोन मीटरचा पट्टा साफ करून कोरडा ठेवला आणि आमच्या बाजूची भिंतीतली पाणी जायची भोकं बारीक जाळीने बंद केली. दुसऱ्या बाजूच्या सोसायटीशी बोलणं अजून चालू आहे. त्यांचे फवारे अजून संध्याकाळीच लागतात.

या मे महिन्यात आम्हाला तोंड मिटलेल्या अकरा सापडल्या, नऊ खताच्या खड्ड्यामागे आणि दोन लिफ्टच्या डक्टजवळ. मागच्या वर्षी याच दोन दिवसांत पाऊण बादली भरली होती. आजींनी मायाळू पुन्हा लावला आहे, आणि रोज सकाळी पानं उलटून बघतात.